पंचम लागेपर्यंत

"ताई, तुमचा तानपुरा बंद पडला का?"

२०२०च्या जुलैमधली सकाळ. इथं कोल्हापूरला राजारामपुरीत सहा वाजत होते, तिथं न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेआठ. तानपुरा माझ्या हातात होता, चारी तारा चालू होत्या, खोली भरून गेली होती. "बंद कुठं? वाजतोय की," मी म्हटलं. अकरा वर्षांची ती पोरगी स्क्रीनला कान लावून बसली. "तुम्ही बोलता ना, तेव्हा थोडासा येतो. तुम्ही गप्प झालात की तोही जातो."

चार दिवस मी वायर बदलून पाहिली, मोबाईल बदलून पाहिला, तानपुरा जवळ घेतला, लांब नेला. शेवटी पुण्यातल्या भाच्यानं फोनवर कारण सांगितलं. व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपमध्ये गोंगाट गाळायची सोय असते. माणसाचं बोलणं सारखं बदलतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. पंखा, एसी, पाण्याची मोटर एकाच आवाजात चालत राहतात. जे बदलत नाही तो गोंगाट, असा त्या गाळणीचा हिशेब. तानपुरा अखंड वाजतो, म्हणून तो पंख्याच्या रांगेत जाऊन बसला होता. सेटिंगमध्ये शिरून आवाज आहे तसा पाठवायची खूण केली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आला. पाऊस पण आला."

बाहेर खरंच पाऊस होता. इतके दिवस तोही गाळला जात होता.

गाणं शिकवायला लागून मला तीस वर्षं होऊन गेली. मेन रोडपासून थोडं आत, वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. आमच्याकडे गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात, त्यामुळे नव्या पालकांना पत्ता सांगणं सोपं जातं. खाली पूर्वी शिवणकाम चालायचं, आता अकरावी-बारावीच्या शिकवण्या चालतात. संध्याकाळी पाच ते नऊ मुलं येतात. कुणी प्रारंभिकला, कुणी मध्यमेला, एखादी विशारदची तयारी करणारी. गणेश चतुर्थीला राजारामपुरीत मंडळांच्या आगमन मिरवणुका निघतात, तेव्हा मी क्लास बंद ठेवते. एका वर्षी त्या संध्याकाळी एकटीच खोलीत बसले होते. साउंड सिस्टीमच्या बेसनं कोपऱ्यातल्या तानपुऱ्याच्या तारा कुणी हात न लावता थरथरत होत्या. मी जाऊन त्यांच्यावर तळहात ठेवला.

माझ्या बाई मंगळवार पेठेत शिकवायच्या. त्यांच्याकडे वही उघडायची नाही, टेप आणायचा नाही. "डोक्यात राहील तेवढंच तुझं," असं म्हणायच्या. कोल्हापूरच्या हवेत हा कडकपणा जुना आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिलेले गायक अल्लादिया खाँसाहेब १९४६मध्ये वारले, तोवर ध्वनिमुद्रण देशात रुळून चाळीस वर्षं झाली होती. पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. त्यांनी ती होऊ दिली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर तबकड्यांसाठी गायल्या. तासभर फुलवायचा राग साडेतीन मिनिटांत बसवायची ती करामत होती. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. ज्या गुरूंनी आपला आवाज खोलीबाहेर जाऊ दिला नाही त्यांची गायकी आता ग्रहांच्याही पलीकडे गेली आहे. ही गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलांना सांगते, आणि सांगताना दरवेळी माझा घसा दाटतो.

पण यंत्राशी वैर हेच या गावाचं वळण होतं असंही नाही. पेटी मुळात युरोपातली. ती इथं इतकी मुरली की गोविंदराव टेंब्यांच्या हातात गायला लागली. १९४० ते १९७१ आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं होतं, कारण पेटीच्या पट्ट्यांना मींड घेता येत नाही आणि तिचे सूर आपल्या सुरांशी जुळत नाहीत. कारण खोटं नव्हतं. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो त्याच्यापेक्षा पेटीचा किंवा कीबोर्डचा गंधार चढा असतो; अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. कान तयार असेल तर ते टोचतं. नसेल तर मूल त्या चढ्या गंधारालाच खरं मानून मोठं होतं. कुरुंदवाडात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१मध्ये लाहोरला विद्यालय काढलं, गाणं वर्गात आणलं, छापील पुस्तकात आणलं. त्यांनी ते केलं नसतं तर माझ्यासारखी शाळामास्तराची मुलगी गाण्याच्या वाटेला गेलीच नसती. म्हणून नवं साधन दारात आलं की मी त्याला आत घेते. माझी चूक झाली ती आत घेतल्यावर.

१९९६मध्ये मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतला. बंगळुरूचे जी. राज नारायण हे अभियंता आणि बासरीवादक. त्यांनी १९७९च्या सुमारास हा डबा बनवला आणि पुढे तो घराघरांत गेला. मला तो देवासारखा वाटला. कोल्हापूरच्या पावसात खरा तानपुरा सांभाळणं म्हणजे तान्ह्या मुलाला सांभाळणं. हवा दमट झाली, ऊन पडलं की तार जागेवर राहत नाही, जवारीचा दोरा केसभर सरकला की आवाज मुका होतो. एका तासात तीन मुलांचे तीन सूर: काळी एक, काळी चार, पांढरी पाच. दरवेळी खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायचे. डब्याचं बटण फिरवलं की झालं. मी मिरजेहून आणलेला तानपुरा गवसणीत घालून कोपऱ्यात उभा केला आणि वाचलेला वेळ मुलांना पलटे घोटायला दिला. पालकही खूश. परीक्षांचे निकाल चांगले येत होते.

पंधरा-सोळा वर्षं असंच चाललं. मग एका सभेत माझी विशारद झालेली विद्यार्थिनी गायला बसली. चांगल्या गळ्याची मुलगी. आयोजकांनी मोठ्या कौतुकानं तानपुऱ्यांची जोडी मांडली होती. उन्हाळा, भरलेलं सभागृह, अंगावर दिवे. मोबाईलवर बघून तिनं तारा लावल्या, पण दहा मिनिटांत पंचम उतरला. काहीतरी बिघडलंय हे तिला कळत होतं, तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. पण किती आणि कुणीकडे, हे तिच्या हाताला माहीत नव्हतं. खुंटी उलट फिरवली, तार आणखी उतरली. तिनं श्रोत्यांत मला शोधलं. मी उठून मंचावर गेले आणि लावून दिला. नंतर लोक म्हणाले, गुरुशिष्येचं नातं किती छान. मला घरी येईपर्यंत बोलवेना. ती माझ्याकडे नऊ वर्षं होती आणि मी तिला तानपुरा लावायला शिकवलं नव्हतं.

तरी त्या रात्री मला वाटलं ते इतकंच, की एक कसब शिकवायचं राहून गेलं. ते कसबापुरतं नव्हतं, हे कळायला आणखी काही वर्षं जायची होती.

मधल्या काळात मी रेकॉर्डिंगही शिकले. भाच्यानं जुना लॅपटॉप दिला, एक माइक घेतला, खिडकीला गोधड्या टांगल्या. शाळांच्या स्नेहसंमेलनांची गाणी, गणपतीतल्या सजीव देखाव्यांचं संगीत अशी कामं येऊ लागली. एका देखाव्यात कुस्तीचा प्रसंग होता. बाकी वाद्यं मी लॅपटॉपमधूनच वाजवली होती. सनई, ढोल सगळं तयार आवाजांत मिळतं. हलगी मात्र जमेना. ज्यानं खासबाग मैदानात कुस्ती पाहिली आहे त्याला खोटी हलगी ऐकवत नाही. म्हणून एका जुन्या हलगीवाल्यांना बोलावलं. ते खोलीत आले, गोधड्यांकडे बघितलं, हलगीवर बोट मारलं आणि म्हणाले, "ताई, कागुद हाय काय? तापल्याबिगर बोलत न्हाई ही."

गच्चीवर जाऊन आम्ही वर्तमानपत्रं पेटवली. ते हलगी जाळावर धरून फिरवत होते, मधूनच टिचकी मारून कानाशी नेत होते. मी शेजारी उभी राहून बघत होते. चामडं ताणलं जाईल तसा आवाज वर चढत होता, आणि एका क्षणी त्यांनी जाळावरून हात काढला. एकदाच, नेमका. कुठलंही यंत्र जवळ नव्हतं.

खाली येऊन वाजवायला लागले तर लॅपटॉपवरची रेघ पहिल्याच ठोक्याला लाल. माइक लांब नेला, जिन्यात नेला, तरी तेच. शेवटी ते गल्लीत उभे राहिले आणि माइक माझ्या खिडकीत. शिकवणीची पोरं बाहेर आली. मी त्यांना हेडफोन दिला होता, त्यात एकसारखी टकटक लावलेली, मिनिटाला ११०. त्यांनी तो काढून हातात दिला. "ह्याच्यात मानूस कुठं हाय? गडी कवा भिडत्यात ते दिसाय नको?" मग मंडळाची दोन पोरं समोर लुटुपुटुची कुस्ती खेळली आणि ते वाजवत गेले. सलामीला संथ, हात भिडले तशी लय सरकली, पट काढला तेव्हा हलगी कडाडली. तीन मिनिटांत लय जवळजवळ दुप्पट झाली असेल, पण ती कधी वाढली ते सांगता येणार नाही.

माझं आधीचं सगळं काम ११०च्या चौकटीत होतं. ते त्या हलगीखाली बसेना. दोन रात्री मी हलगीला त्या चौकटीत कोंबायचा प्रयत्न केला. तुकडे केले, सरकवले, जोडले. ठोके जागेवर आले आणि कुस्ती निघून गेली. तिसऱ्या रात्री उलटं केलं: त्यांच्या प्रत्येक ठोक्यावर खूण केली आणि सनई, ढोल त्यांच्यामागं चालायला लावले. सॉफ्टवेअरला हे जमतं. त्याला तसं सांगावं लागतं, आणि ते सांगायचं मला आधी सुचलं नव्हतं.

दुसरी एक गोष्ट सांगायला जड जाते. तेरा वर्षांच्या एका मुलीचं भावगीत रेकॉर्ड केलं होतं. आईबाबांना ते नातेवाइकांना पाठवायचं होतं. दोन-तीन जागा जराशा कमी लागल्या होत्या. सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. मी ते फिरवलं. ऑटो-ट्यून नावानं हे तंत्र १९९७मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलकंपन्यांसाठी जमिनीतून परतणाऱ्या ध्वनिलहरींचं गणित करायचे. जमिनीखालचं तेल शोधणारं गणित गळ्यातला सूर शोधायला लागलं, याचं मला आजही नवल वाटतं. पण माझ्या लॅपटॉपवरच्या त्या सॉफ्टवेअरला त्या दिवशी सुरांची बारा घरंच माहीत होती. दोन घरांच्या मधून वाहत जाणारी मींड त्याच्या लेखी चूक होती. दरबारीत गंधार आपल्या जागेवर झुलतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. गाणं गुळगुळीत झालं. नातेवाइकांनी वाहवा केली. महिन्यानं ती मुलगी म्हणाली, "ताई, मी रोज तेच ऐकून म्हणते. पण तसं परत येतच नाही."

मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि सुराच्या दोन्ही रेघा दाखवल्या, तिची आणि दुरुस्त केलेली. तिचीच तिला आधी ओळखू आली नाही. मग तिनं बोटानं ती वळणं गिरवली आणि विचारलं, "हे मी केलंय?" मी हो म्हटलं, आणि तिची माफी मागितली. तेव्हापासून ती रेघ मी शिकवण्यात वापरते, पण एका अटीवर. स्क्रीन आधी भिंतीकडे फिरवलेली असते. मुलानं गायचं, मग सांगायचं: चढलं, उतरलं, की लागलं? ते सांगून झाल्यावर स्क्रीन वळवायची. हा क्रम उलटा झाला की मुलं डोळ्यांनी गायला लागतात. तबल्याच्या अ‍ॅपचंही तसंच आहे. लय पक्की करायला त्याच्याइतका चांगला सोबती नाही. पण समेवर येताना तुमच्याबरोबर श्वास घ्यायला खरा तबलजी लागतो.

आता बाईंच्या टेपबद्दल. शेवटच्या आजारपणात, १९९३मध्ये, बाई एकदा स्वतःहून म्हणाल्या, "आण तुझं ते यंत्र." अकरा कॅसेट भरल्या. त्या गेल्यावर मी त्या कितीतरी वेळा ऐकल्या, पण दरवेळी सुरुवात पुढे ढकलून, थेट बंदिशीपासून. २०१७मध्ये कॅसेटना बुरशी धरायला लागली तेव्हा त्या संगणकावर घ्यायचं ठरवलं. हे काम धावत होत नाही. टेप तिच्या गतीनंच वाजवावी लागते, तासाच्या टेपला तास. त्यामुळे जे मी चोवीस वर्षं ओलांडत आले होते ते ऐकावंच लागलं. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीची वीस-वीस मिनिटं. तानपुरा लावणं.

बाईंचा आवाज थकलेला आहे. "उतरला." मग तार. "आता चढला. खुंटी सोड, मणी घे." मग तार. "तारेकडं काय बघतेस? जोड ऐक." कितीतरी वेळ नुसता तानपुरा, आणि पाठीमागं अंगणात भांडी पडल्याचा आवाज. मग त्या विचारतात, "तो गंधार कोण वाजवतंय?" माझा तेव्हाचा कोवळा आवाज म्हणतो, "कुणी नाही, बाई." "तार आहे का गंधाराची?" "नाही." "मग ऐकू येतोय ना?" "येतोय." "हं. आता गा."

मी टेप थांबवली नाही, थांबवता येत नव्हती. तशीच चालू राहिली आणि मी खोलीत बसून रडले. मी ज्याला शिकवणीच्या आधीचा वेळ समजत होते तीच शिकवणी होती. तानपुरा जुळेपर्यंत बाई माझा कान जुळवत होत्या. डब्यानं तो वेळ वाचवला नव्हता, मी तो मुलांच्या हातून काढून घेतला होता. आणि हे मला एका टेपरेकॉर्डरनं ऐकवलं, जो बाईंनी आयुष्यभर दाराबाहेर ठेवला होता.

त्यानंतर गवसणी काढली. मिरजेला जाऊन जवारी नव्यानं काढून आणली. तिथल्या सतारमेकर गल्लीत घोडीवर कानस फिरवत बसलेला कारागीर काय करतो ते त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आता प्रत्येक तासाला पहिली वीस मिनिटं तानपुऱ्याची. सात वर्षांचं मूलही एक तरी तार लावतं. काही पालकांनी नाराजीनं विचारलं, यात अभ्यासक्रम मागं पडणार नाही का? पडतो. दोन मुलं सोडून गेली. डबा मी टाकला नाही. प्रवासात, घरी रियाजाला तो हवाच. फक्त माझ्या खोलीत तो नंतर सुरू होतो.

न्यू जर्सीच्या त्या मुलीचं काय करायचं हा प्रश्न होता. तिच्याबरोबर एका दमात गाता येत नाही. प्रकाशही काचेच्या तारेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो; इथून तिथं बारा-तेरा हजार किलोमीटर. म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी जाऊन यायला सेकंदाचा आठवा भाग, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट. द्रुत तीनतालात तेवढ्यात एक मात्रा निघून जाते. म्हणून मी गायचं, थांबायचं, मग तिनं गायचं. गळ्यात गळा मिसळून शिकवणं या कॉलवर होत नाही, आणि कुठल्या सुधारणेनं ते अंतर मिटेल असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षी तिची आजी इथून गेली ती मिरजेचा तानपुरा घेऊन. फायबरच्या पेटीत, भोपळ्याभोवती साड्या गुंडाळून. ज्या दिवशी पहिल्यांदा लावायला बसलो त्या दिवशी मी सवयीनं बोलत राहिले. "चढव. अजून. थांब." माझं "थांब" तिथं पोचेपर्यंत खुंटी पुढं गेलेली. ती मागं आणायची, मी "बस" म्हणायची, तोवर तार उतरलेली. पाच-सहा वेळा असं झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी माझा माइक बंद केला आणि हातानं खूण केली: तू कर, मी ऐकते आहे.

चाळीस मिनिटं झाली. ती कधी जवळ यायची, कधी लांब जायची. तिचा सा लागला होता, पंचम फिरत होता. पुढच्या मुलाची वेळ झाली म्हणून मला कॉल बंद करावा लागला. गाण्याचा एक सूर त्या दिवशी शिकवून झाला नाही.

अर्ध्या तासानं तिच्या आईचा निरोप आला: "ताई, ती अजून तानपुराच लावत बसली आहे. उद्या शाळा आहे. झोपायला पाठवू का?"

मी लिहिलं, पंचम लागेपर्यंत बसू दे.